मंगलाष्टकातला रेगे

ताईचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या घरात भांडण झालं ते हुंड्यावरून नाही, मानपानावरून नाही, पत्रिकेवरून तर नाहीच. या तिन्ही विषयांवर बाबांनी स्वतः पत्रकं लिहून वाटलेली आहेत, त्यामुळे त्यांवर भांडायची सोय आमच्याकडे उरलेली नाही. भांडण झालं ते एका इंग्रजी गाण्यावरून.

बाबा हायस्कूलमध्ये मराठी शिकवायचे. आता निवृत्त आहेत, पण फक्त हायस्कूलमधून. पत्रकं काढणं चालूच आहे. वर्गातल्या मुलींच्या वह्यांना तपकिरी कागदाची कव्हरं असायची, माझ्या वह्यांना उरलेल्या पत्रकांची. गणिताच्या वहीवर ‘पाणी कुणाच्या बापाचं?’ आणि भूगोलाच्या वहीवर ‘भाडेवाढ मागे घ्या!’. बाराखडी पुरी व्हायच्या आधी मला उद्गारचिन्ह येत होतं. ताईवरही हेच संस्कार झाले, पण तिच्यात ते मुरले आणि माझ्यात ते उकळले, असं आई म्हणते.

आता गाण्याचं. आपल्या शहरात हल्ली गल्लोगल्ली कराओके क्लब निघाले आहेत. निवृत्त इंजिनिअर, दातांचे डॉक्टर, शाळेतल्या बाई, सगळे शनिवारी संध्याकाळी जमतात आणि पडद्यावरचे शब्द बघत जुनी हिंदी गाणी म्हणतात. ताई तिथं जायची. तिथंच एका शनिवारी कसबा बावड्याचा एक मुलगा आला. घरचा ऊस, दारात म्हशी, स्वतः बँकेत नोकरीला. त्यानं माईक घेतला आणि इंग्रजी गाणं लावलं. क्लबचा अलिखित नियम असा आहे की कुणी इंग्रजी गाणं लावलं की बाकीचे चहाला जातात. सगळे गेले. ताई बसून राहिली, कारण पुढचा नंबर तिचा होता आणि उठलं की नंबर जातो. अख्ख्या हॉलमध्ये गाणारा एक आणि ऐकणारी एक. गाणं संपल्यावर तो म्हणाला, “तुम्ही थांबलासा म्हणून बरं वाटलं.” तिनं खरं कारण सांगितलं नाही. पुढं तो माझा दाजी झाला, त्यामुळे आता सांगायला हरकत नाही.

गाणं आमच्या जन्माच्याही आधीचं. संथ. सुरुवातीला पियानो, मग हळुवार गिटार, शेवटी व्हायोलिनचा महापूर. गाणाऱ्याचा आवाज असा की त्याला कुणीतरी नुकतंच गरम दूध पाजलंय. ताईनं मला ते मोठ्या कौतुकानं ऐकवलं. मी शब्द नीट वाचले आणि माझं डोकं फिरलं.

“ताई, यात एक बाप्या दारात उभा राहून बाईला जाऊ नको म्हणतोय.”

“व्हय. छान आहे की.”

“चार कडवी तो स्वतःबद्दलच बोलतोय. मला झोप नाही, मला भूक नाही, माझं घर ओकंबोकं. ती का निघाली आहे हे एकदा तरी विचारतोय का? तिची बॅग एवढी जड का आहे, तिला कुठं पोचायचंय, काही?”

“तू गाणं ऐकतीस की मोर्चा काढतीस?”

मी मोर्चाच काढला असता, पण तेवढ्यात ते गाणं संपलं आणि फोननं आपणहून पुढचं लावलं. पुढचंही तेच गाणं होतं. म्हणजे शब्द तेच, सूर तेच, पण खाली जमीनच बदललेली. पियानो गेला, व्हायोलिनं गेली. एक जाडजूड बेस गिटार पोटातून चालत होती आणि दुसरी गिटार भलत्याच जागी च्यक् च्यक् करत होती. आपण पाय टेकावा तर वाद्यं गप्प, पाय उचलावा तर च्यक्. ताई म्हणाली, याला रेगे ठेका म्हणतात, त्यात दुसऱ्या कुणीतरी तेच गाणं म्हटलंय. त्याच्या पुढं आणखी एक रेगे आवृत्ती लागली, कुठल्या तरी समुद्रकाठच्या हॉटेलासारखी, तिच्यात मागं लाटांचा आवाज भरलेला. आणि मग तिसरी लागली. ती बाईच्या आवाजात होती.

मी फोन हातात घेऊन कानाशी धरला. शब्द तेच होते, जाऊ नको, मला झोप येत नाही. पण ती विनवत नव्हती. ऐकताना वाटलं, तिच्या पायात चप्पल आहे, हातात किल्ली आहे, आणि ती म्हणतेय, बघ बाबा, राहायचं तर राहा, मला कामाला जायचंय. संथ गाण्यात जो माणूस दार अडवून उभा होता, तो या ठेक्यात आपोआप बाजूला झाला होता. एक अक्षर न बदलता एवढं होऊ शकतं हे मला कुठल्या पुस्तिकेनं सांगितलं नव्हतं.

रेगेबद्दल मला माहीत होतं ते आमच्याच कपाटातल्या एका पुस्तिकेतून. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या नातवंडांनी हे संगीत घडवलं, मालकाच्या ठेक्यावर पाय टाकायचा नाही म्हणून ठेक्याच्या मधल्या फटीत टाकला, असं काहीसं त्यात होतं. संगीताच्या जाणकारांना हे पटेल का ते मला माहीत नाही. मला मात्र पटलं, आणि मी जाहीर केलं की ताईच्या लग्नात मंगलाष्टकं याच चालीवर होतील.

लग्न सत्यशोधक पद्धतीनं होणार हे ठरलेलंच होतं. भटजी नाही, मुहूर्त नाही, दोघांनी सगळ्यांसमोर एकमेकांना शपथ द्यायची, आणि मंगलाष्टकं आपल्या मराठीत, समतेची. अक्षतांऐवजी झेंडूच्या पाकळ्या, कारण तांदूळ खायला असतो. बाबांनी स्वतःची मंगलाष्टकं फार पूर्वीच लिहून ठेवली होती. ती आमच्या ओळखीतल्या प्रत्येक लग्नात म्हटली जातात आणि लोक ती अत्यंत आदरानं सहन करतात.

“इंग्रजी चाल?” बाबा म्हणाले. “आपण ज्या साम्राज्याविरुद्ध...”

“बाबा, ही साम्राज्याची चाल नाही. साम्राज्यानं ज्यांना विकलं त्यांची आहे.”

“पण मूळ गाणं गोऱ्याचंच ना?”

“मूळ त्याचं. पण ठेका ह्यांचा. ह्यांनी ते गाणं ताब्यात घेतलं. कूळकायद्यासारखं. कसेल त्याची जमीन.”

बाबा थांबले. कूळकायदा म्हटला की ते थांबतातच. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाले, “शब्द मला दाखवायचे.” मी शब्द लिहिले. मूळ गाण्यातलं ‘जाऊ नको’ काढून टाकलं आणि तिथं ‘जा, नि परत ये, दार तुझंही आहे’ असं घातलं. बाबांनी तीन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारलं आणि ‘सावधान’ हा शब्द तेवढा जुन्या मंगलाष्टकांतून परत आणला. म्हणाले, समतेच्या बाबतीतही सावध राहावंच लागतं.

हे सगळं आमच्या घरात पटलं. पण लग्नाला दुसरं घर असतं.

दाजींचे वडील, म्हणजे ताईचे होणारे सासरे, बोलणी पक्की करायला आले. ताई त्यांना मामा म्हणते, मीही तेच म्हणते. उंच, फेटा बांधलेले, आवाज असा की ते आमच्या हॉलमध्ये बोलले आणि पलीकडच्या घरातल्या काकूंनी कुकर बंद केला. बाबांनी त्यांना सगळी पद्धत समजावून सांगितली, पुस्तिकाही दिली. मामांनी ती उलटी-सुलटी बघितली.

“भटजी न्हाय म्हणता, ठीक हाय. आमच्या आज्ज्याचंबी असंच झालतं. पर हे रेगे म्हणताय ते कोण? भटजी नको म्हणून रेग्यास्नी बोलवताय व्हय?”

“माणूस नाही हो पावणं, गाण्याची चाल आहे ती,” बाबा म्हणाले, आणि मी फोन लावून ऐकवली. मामांनी मान वाकडी करून ऐकलं. “बरी हाय की. म्हैस चारा खाताना अशीच मान हालवती.” ही आम्ही संमती धरली. फक्त त्यांची एक अट होती, गेटवर वाजवायला ताशासकट बेंजो पार्टी पाहिजे. बेंजो नसेल तर लग्न लागल्याचं बावड्याला कळणार कसं? बाबांनी ध्वनिप्रदूषणावर बोलायला सुरुवात केली, आईनं त्यांच्या हातात चहा दिला, आणि बेंजो ठरला.

खरा विषय त्यानंतर निघाला. ताई इचलकरंजीत एका कापड गिरणीत तपासणीच्या खात्यात आहे. मागावरून उतरलेलं कापड खालून उजेड असलेल्या टेबलावरून सरकत जातं आणि त्यातला तुटका धागा, गाठ, डाग तिनं पकडायचा. काम पाळ्यांचं. दुसऱ्या पाळीला दुपारी जायचं आणि बावड्यात परत यायला चांगलीच रात्र होणार. कंपनीची गाडी फाट्यापर्यंत सोडते, पुढं तिची स्कूटर. ताईला ते काम आवडतं. तिची नजर तशी आहे. आमच्या घरात धुतलेल्या चादरीत दोष निघतो तो तिच्यामुळेच.

मामा म्हणाले, “पोरी, मला कायबी वाटत न्हाय. पर भावकी हाय. सून अशी राच्याला घरला याय लागली तर भावकी काय बोलंल?”

“मग भावकीलाच मी सांगू का?” ताई म्हणाली.

बाबांनी चहा खाली ठेवला. मामा तिच्याकडं वळले.

“सांग की. चारचौघांत सांग. मांडवात, लगीन लागायच्या आत. त्या तुमच्या शपथेत घाल. माझ्या भावकीनं ऐकलं की मी कबूल म्हणतो, आन् एकदा चारचौघांत कबूल म्हटलेलं मी मोडत न्हाय, दुसऱ्यालाबी मोडू देत न्हाय. घरात बोललेलं काय? म्हशींनी ऐकलेलं. उद्या त्यातली कुठली साक्षीला येणार हाय?”

मला हे भाषण कुठल्याही पत्रकापेक्षा जास्त आवडलं आणि रागही आला, की बाईला आपल्याच कामासाठी भावकीची परवानगी लागावी. ताईला मी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, “परवानगी न्हाय गं ती. साक्षीदार आहेत. तू नुसती उद्गारचिन्हं देतीस, मला सही पाहिजे.”

तर शपथेचं शेवटचं कलम ताईचं ठरलं. लग्नानंतर मी माझं काम सोडणार नाही, पाळी कुठलीही असो, मी जाईन, आणि परत येईन तेव्हा दार उघडं असेल. दाजींनी म्हणायचं, असेल. मामांनी म्हणायचं, कबूल. तिच्या दृष्टीनं लग्न म्हणजे तेवढंच होतं, बाकी जिलेबी.

मग तयारी. ट्रॅक दाजींनी कराओकेवाल्याकडून करून घेतला, बाईच्या आवाजातल्या त्या आवृत्तीसारखा. रेगेत एक गंमत असते. मध्येच सगळी वाद्यं एकदम थांबतात, पोकळी होते, आपला जीव टांगणीला लागतो, आणि मग बेस दण्णकन परत येतो. मी कडव्यांचे शब्द मुद्दाम असे बसवले होते की ‘दार तुझंही आहे’ म्हटल्यावर ती पोकळी यावी. लोकांनी विचार करावा म्हणून. लोकांना विचार करायला वेळ द्यायचा असतो, हे बाबांनीच शिकवलेलं.

बेंजो पार्टीच्या मास्तरांनाही ट्रॅक ऐकवला, त्यांनी वाटलं तर वरातीत तीच चाल घ्यावी म्हणून. मास्तरांनी कीबोर्डवर बोटं ठेवली, काढली, परत ठेवली.

“अवो, हे गाणं दर टायमाला दारापर्यंत येतंय आन् आत येत न्हाय. पब्लिक नाचणार कसं?”

“फटीत पाय टाकायचा, मास्तर,” मी म्हणाले.

“फटीत पाय टाकला तर आमच्या वरातीत पाय मोडतोय. आम्ही आपलं नेहमीचं वाजवतो. सुरू कवा करायचं तेवढं सांगा.”

“फुलं पडली की,” बाबांनी सांगितलं. त्यात आम्हाला कुणालाही काही वावगं दिसलं नाही. घरात चारपाच तालमी झाल्या, सगळ्या उत्तम. पण तालमीला कुणाच्या मुठीत पाकळ्या नव्हत्या.

लग्नाच्या दिवशी मंगल कार्यालय भरून गेलं. एका बाजूला आमच्याकडचे, शिक्षक, वाचनालयवाले, झोळीवाले. दुसऱ्या बाजूला बावड्याची भावकी, फेटे आणि भरजरी काठ. बाबांनी माईकवर सांगितलं की मंगलाष्टकं होतील, मग शपथ होईल, आणि त्यानंतर शेवटी एकदाच पाकळ्या टाकायच्या. पण त्याआधी ते विवाहसंस्थेच्या इतिहासावर इतकं बोलले होते की ही सूचना येईपर्यंत ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. सगळ्यांना पाकळ्या वाटल्या गेल्या आणि सगळे उभे राहिले.

दाजी आणि ताई समोरासमोर, हातात हार. ट्रॅक सुरू झाला. मी गायला लागले. बेस असा घुमला की पुढच्या रांगेतल्या आजींच्या बांगड्या किणकिणल्या. पहिलं कडवं छान गेलं. भावकीतले दोघेतिघे मान हलवत होते, मामांनी सांगितलेल्या पद्धतीनं. दुसरं कडवं सुरू झालं. मी म्हटलं, ‘जा, नि परत ये, दार तुझंही आहे,’ आणि सगळी वाद्यं थांबली.

पोकळी.

आता विचार करा. आपल्याकडच्या माणसाला जन्मल्यापासून काय शिकवलेलं असतं? मुठीत अक्षता घेऊन उभं राहायचं, आणि गाणं थांबलं की टाकायच्या. शब्द कुणी ऐकत नसतं. कानाला गाण्याचा शेवट कळतो आणि हात आपोआप वर जातो. पुढच्या रांगेतल्या आजींचा हात वर गेला. त्यांच्या पाकळ्या ताईच्या डोक्यावर पडल्या, आणि पुढच्या क्षणी अख्ख्या कार्यालयानं मुठी रिकाम्या केल्या. झेंडूचा असा वर्षाव झाला की मला दाजी दिसेनात. बेस दण्णकन परत आला, पण तो कुणाला ऐकूच गेला नाही, कारण गेटवर मास्तरांनी फुलं पडलेली बघितली होती.

बेंजो सुरू झाला. ताशा सुरू झाला. कुणीतरी बाहेर फटाक्यांची माळ लावली. आणि आचाऱ्यानं झाकणं काढली.

“थांबा!” मी माईकमध्ये ओरडले. “लग्न लागलेलं नाही!” ताशापुढं माझा आवाज म्हणजे चक्कीपुढं डास. बाबांनी माझ्या हातातून माईक घेतला आणि म्हणाले, “मित्रहो, एक खुलासा.” तोवर मित्र जेवणाच्या हॉलच्या दारात होते. भावकी सर्वांत पुढं, कारण बावड्याची माणसं पहिली पंगत सोडत नाहीत. आमचे झोळीवालेही मागं नव्हते. समतेचा विचार असला तरी जिलेबी पहिल्या पंगतीलाच गरम मिळते. बघता बघता मांडवात उरलो आम्ही घरचे, मामा, फोटोग्राफर आणि पाकळ्यांचा चिखल.

फोटोग्राफर म्हणाला, “हार घाला की. मला अजून एक लग्न आहे वडगावला.”

मामांनी फेटा सावरला. “झालं की आता. फुलं पडली, बेंजो वाजला. लागलं लगीन.”

“न्हाय लागलं,” ताई म्हणाली.

तिच्या केसांत, खांद्यावर, नाकाच्या शेंड्यावर पाकळ्या होत्या, तरी तिच्याकडं बघून कुणी हसलं नाही. दाजींनी हार तसाच धरून ठेवला होता.

“शपथ घ्या मग हितंच. मी हाय की,” मामा म्हणाले.

“तुम्ही एकटे आहात, मामा. चारचौघांत म्हणालता.”

मामांनी जेवणाच्या हॉलकडं बघितलं. ते लबाड नव्हते, पण त्यांना भूक लागली होती, आणि भुकेल्या माणसाला आपलंच वचन लांबचं वाटतं. मी लगेच एक योजना मांडली: सगळ्यांना जेवणावरून उठवायचं. बाबांनी दुसरी मांडली: शपथेचं पत्रक काढून घरोघर वाटायचं. आई पहिल्यांदाच बोलली, “तुमचं दोघांचं झालं असंल तर लेकीला विचारा.”

ताईनं हार दाजींच्या हातात दिला, आता त्यांच्याकडं दोन हार झाले, आणि ती जेवणाच्या हॉलकडं चालू लागली. दारात जिलेबीची परात घेऊन वाढपी निघाला होता. तिनं परात घेतली.

मला तेव्हा कळलं तिच्या डोक्यात काय आहे. पंगतीत बसलेल्या माणसाला उठवायचं नसतं, आणि तो स्वतःही उठत नाही. ताटात मसालेभात आहे, मठ्ठ्याचा ग्लास भरलाय, जिलेबी यायची आहे. या माणसासारखा श्रोता जगात दुसरा नाही. आमच्या बाबांना जन्मभर असा एकही मिळाला नाही. आणि नव्या जोडप्यानं पंगतीत फिरून आग्रह करायचा ही तर रीतच.

ती भावकीच्या रांगेत शिरली. मागोमाग दोन हार घेऊन दाजी, त्यांच्यामागं आम्ही. मामा बाजूनं जाऊन आपल्या थोरल्या भावाशेजारी बसलेही. पानही वाढलं गेलं.

“काका, जिलेबी?” ताई मामांच्या थोरल्या भावाला म्हणाली.

“घाल की दोन.”

“घालते. पण आधी ऐका. आमचं लग्न अजून लागलेलं नाही.”

रांगेतले हात थांबले. “आं? फुलं टाकली की आम्ही!”

“ती गाणं थांबलं म्हणून टाकलीत. गाणं मधीच थांबतंय ते. आता शपथ आहे, ती ऐकल्याशिवाय जिलेबी न्हाय.”

हॉलमध्ये हशा पिकला. कुणीतरी मागून ओरडलं, “अरं घे की शपथ लवकर, गार व्हायल्या जिलब्या!” आणि ताईनं परात कंबरेवर टेकवून शपथ म्हटली. एकमेकांचा मान ठेवू. घरातलं काम वाटून घेऊ. प्रत्येक वाक्याला दाजी म्हणत होते, “मान्य.” मग शेवटचं. लग्नानंतर मी माझं काम सोडणार नाही, पाळी कुठलीही असो, मी जाईन, आणि परत येईन तेव्हा दार उघडं असेल.

“असेल,” दाजी म्हणाले. दोन हारांमागून ते जेमतेम दिसत होते, पण आवाज खणखणीत होता.

आता सगळी भावकी मामांकडं बघायला लागली. त्यांच्या तोंडात भाताचा घास होता. त्यांनी तो सावकाश चावला. थोरल्या काकांनी विचारलं, “काय रं, रातपाळीला जाणार व्हय सून तुझी?”

मामांनी मठ्ठा प्यायला. मग त्यांचा तो आवाज निघाला. “रातपाळी न्हवं, दुसरी पाळी. जाणार. तिनं तुमच्यासमोर सांगितलंय, मी तुमच्यासमोर कबूल म्हणतोय. कबूल! कुणाला काय बोलायचं असंल तर आत्ता बोला, जिलबी घ्यायच्या आधी. एकदा जिलबी घेतली की मग माझ्या दारात येऊन बोलायचं न्हाय.”

जिलेबीचा वास सुटला होता. थोरल्या काकांनी ताट पुढं केलं. “वाढ बाई.”

ताईनं वाढली. एकेका ताटात, एकेका माणसाकडं बघून. मी आजपर्यंत खूप सह्यांच्या मोहिमा बघितल्या आहेत, पण एवढ्या पटापट झालेली एकही नाही.

हार तिथंच घातले गेले, पंगतीच्या मधोमध. आई म्हणाली, राहिलेलं कडवं म्हण. ट्रॅक तिकडं मांडवात राहिलेला. मी नुसतीच म्हणायला लागले, आणि खाली बेस नसल्यामुळे गाणं आपोआप संथ झालं, त्या गरम दूध प्यायलेल्या माणसाचं झालं. मला ते नको होतं. पण दाजी माझ्याबरोबर गायला लागले, हळू आवाजात, माझे मराठी शब्द, ‘जा, नि परत ये’, आणि त्या संथ चालीत ते इतके नीट बसत होते की माझं मतच मला अडचणीचं झालं. कुणी काही टाकलं नाही. सगळ्यांचे हात भाताचे होते.

फोटोग्राफर तोवर वडगावला गेला होता. त्यामुळे अल्बममध्ये फक्त पाकळ्यांचा वर्षाव आहे, शपथेचा एकही फोटो नाही. बाबांना याची हळहळ वाटते. ताईला वाटत नाही.

काही आठवड्यांनी मी दुपारची बावड्याला गेलते. ताई दुसऱ्या पाळीला निघत होती, डबा स्कूटरच्या डिकीत ठेवत होती. ओट्यावर मामांची बहीण भाजी निवडत बसलेली. लग्नात तीही पहिल्या पंगतीला होती.

“आता निघाली ती परत कवा यायची?” तिनं विचारलं. ताईला नाही, मामांना.

“पाळी सुटली की,” मामा म्हणाले. ते म्हशीपुढं वैरण टाकत होते.

“आन् तवर दार उघडं ठेवून बसायचं व्हय रं?”

मामांनी वैरण खाली ठेवली आणि कंबरेवर हात ठेवले. “आक्का, तू जिलब्या किती खाल्ल्यास?”

“चार. का?”

“मग तुला तर बोलायचंच न्हाय.”

आक्का भाजीत बघत पुटपुटली, की त्या जिलेबीत पाकसुद्धा धड नव्हता. ताईनं हेल्मेट घातलं, मामांना “येते” म्हणाली, आणि उसाच्या कडेच्या रस्त्यानं तिची स्कूटर फाट्याकडं गेली.